मागच्या अंगणातली धाप

ज्यांचा खोकला महिनोन्‌महिने हटत नाही, औषधं वेळच्या वेळी घेऊनही जिना चढताना मधेच थांबून जे पदर नीट करण्याचं किंवा चष्मा पुसण्याचं नाटक करतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मी घरी ब्लाउज शिवते. फुप्फुसाबद्दल मला जे कळतं ते माझ्या फुप्फुसानं मला शिकवलं, आणि तो मास्तर फार मारकुटा निघाला. यातलं एखादं वाक्य जरी कुणाच्या कामी आलं तरी पुष्कळ झालं.

आमचं अंगण

दाणाबाजार मुंबईतून नवी मुंबईत हलला आणि त्याच्या मागोमाग आम्हीही कोपरखैरण्याला आलो. माझे यजमान बाजारात मापाडी. पोतं काट्यावर चढलं की वजन बघून पुकारायचं, हे त्यांचं काम. घर बैठं, पुढे रस्ता आणि मागे चार खाटा कशाबशा मावतील एवढं अंगण. मुंबईत आम्ही आयुष्य एका खोलीत काढलेलं, त्यामुळे ते अंगण मला मैदान वाटायचं. मी तिथे पेरू लावला आणि मागच्या दारात शिलाई मशीन ठेवलं.

बाजारात पोती फुटतात, धान्य सांडतं, माणसं त्यावरून जा-ये करतात. ह्यांच्या टोळीतले बहुतेक सगळे साताऱ्याकडचे, आणि त्यांची एक रीत होती. पायाखाली आलेलं धान्य चुलीवर चढवायचं नाही आणि कचऱ्यातही टाकायचं नाही. ते पाखरांचं. जो तो आपल्या वाटणीचं झाडण पिशवीत भरून घरी न्यायचा. हेही आणायचे. त्यात बाजरी, ज्वारी, गहू, तांदळाची कणी, आणि सोबत माती, सुतळीचे तुकडे, कधी कुणाची विडीसुद्धा. सकाळी मी ते सुपात घेऊन अंगणात पाखडायचे आणि साफ झालेलं पत्र्याच्या ताटात ओतायचे.

मग यायची आमची वऱ्हाडी मंडळी. चिमण्या आधी, कारण त्यांना दम नसतो. मग साळुंक्यांची एक जोडी, जिला मी मामलेदार आणि मामलेदारीणबाई म्हणायचे, कारण दोघं अंगणात शिरायची ती तपासणीला आल्यासारखी. होले, बुलबुल, पेरूच्या दिवसांत पोपट. एक खार होती, शेंगदाण्यासाठी थेट मशीनच्या पायडलापर्यंत यायची आणि मी पाय हलवला की मला रागावायची. आणि पारवे. पारव्यांचं काय सांगावं! एक आला, त्यानं नातेवाइकांना कळवलं, आणि बघता बघता भिंत करडी झाली.

सगळे खाऊन उडाले की मी अंगण झाडायचे. वाळलेली विष्ठा, पिसं, कोंडा, सगळं खराट्यानं एका कोपऱ्यात लोटायचे. कोवळ्या उन्हात ती धूळ तरंगायची. मला ती छान वाटायची. खोटं कशाला सांगू, दिवसातला तोच वेळ माझा एकटीचा होता.

खोकला

सुरुवात कोरड्या खोकल्यानं झाली. मग दुपारकडे अंग मोडून यायचं, थोडा ताप, संध्याकाळी जरा बरं. मी म्हटलं, वय झालं. मग मशीनचं पायडल मारताना धाप लागायला लागली. एक बाही शिवून झाली की बसून राहायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं मी नखरे करते. एकीनं तर मोजमाप अर्धवट सोडून कापड परत नेलं.

आमची मुलगी उज्ज्वला तेव्हा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नुकतीच टायपिस्ट म्हणून लागली होती. सकाळी बस पकडायच्या घाईतही ती माझ्याकडे बघत राहायची. "आई, तू बोलताना मधेच का थांबतेस?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, "विचार करून बोलते, तुझ्यासारखी नाही." ती हसली नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो त्यांनी उजेडात धरून दोनदा निरखून पाहिला. मग म्हणाले, "टीबीच दिसतोय. गोळ्या सुरू करू. मधे सोडायच्या नाहीत."

घरातलं गुपित

आमच्यात टीबी म्हटलं की माणूस भांड्यांसकट वेगळा होतो. माझं ताट, पेला, वाटी वेगळी झाली. हे मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं. उज्ज्वलासाठी तेव्हा स्थळं बघत होतो. त्यामुळे नात्यागोत्यात आणि गल्लीत सांगितलं की मंगलला अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे. शेजारणी बीट आणि पालक आणून द्यायच्या. मी त्यांच्याकडे बघून हसायचे आणि तोंडावर पदर धरायचे. ज्या बाईला दिवसातून दहा जणींशी बोलल्याशिवाय जेवण जात नाही, तिनं दाराआड बसायचं. औषधापेक्षा ते जड गेलं.

गोळ्यांनी बरं वाटेना. मी रोज वाट बघायचे की आज फरक पडेल. फरक पडायचा तो उलटा. न्हाणीघरातून येताना भिंत धरायची वेळ आली. एका दुपारी मशीनवर बसले असताना श्वास आत जाईचना. तोंड उघडलं तरी हवा गळ्यापाशीच थांबायची. उज्ज्वलाला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी आज हे लिहिते आहे. तिनं माझे निळे पडलेले ओठ बघितले आणि अनवाणी रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा आणली.

पहिला दवाखाना

नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. वॉर्डात सकाळी लवकर फरशी पुसली जायची, फिनेलचा वास यायचा, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटीच्या वेळेची वाट बघणं. माणूस आजारी पडला की त्याचं जग किती लहान होतं! सिस्टर आज हसली की कपाळाला आठ्या होत्या, यावर माझा सगळा दिवस ठरायचा.

मरणाची भीती मला आधी वाटली नव्हती. तिथे वाटली. समोरच्या पलंगावरची बाई एका दुपारी नव्हती, आणि चादर बदललेली होती. मी डोळे मिटून फक्त श्वास मोजत बसले, जसे हे काट्यावर पोती मोजतात तसे, आणि मधला एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या पलंगावर जवळच्याच गावातली एक आगरी म्हातारी होती, दम्याची. सगळे तिला मावशी म्हणायचे. मला हात वर करून केस विंचरता येत नव्हते, तेवढ्यानंही धाप लागायची. तिनं ते पाहिलं. "बस गो बाय, मी इंचरते," म्हणाली आणि स्वतःच्या सलाईनची दांडी ओढत माझ्या पलंगावर येऊन बसली. "तुझ्यान् हात वर नाय होत तं मना सांगाचा. लाजतेस काय?" स्वतःलाच दम लागलेला, तरी ती माझी वेणी घालायची. मधे थांबायची, श्वास घ्यायची, पुढचा पेड घालायची. ती वेणी वाकडी व्हायची. मी ती सोडायचे नाही.

आणि खरंच मला बरं वाटायला लागलं. ताप गेला, नळी निघाली. डॉक्टर म्हणाले, टीबीच्या गोळ्या आता लागू पडल्या. हे देवाला नारळ फोडून आले. आम्ही घरी निघालो.

खिडकी

घरी आले तर माझा पलंग मागच्या खिडकीला लावलेला. खिडकीला बाहेर पेटीसारखी लोखंडी जाळी होती, आपण जिला ग्रिल म्हणतो ती. ह्यांनी ग्रिलमध्ये एक फळी बसवली होती, तिच्यावर दाण्यांचं ताट आणि पाण्याचं मातीचं भांडं. उशीवर डोकं ठेवलं की पाखरं हाताच्या अंतरावर.

"अंगणात जायला तुला दम लागतोय," हे म्हणाले. "म्हनून पाखरंच आत आनली."

माझे यजमान कमी बोलणारे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी गजरा आणला नाही. आणि इथे माझ्या आजारपणात सुतारकाम करून बसले होते. मला रडू आलं. आजवर कुणी माझ्यासाठी इतकं काही केलं नव्हतं, असंच मला वाटलं आणि आजही वाटतं.

मी दिवसभर पडल्या पडल्या बघायचे. चिमण्यांना पारव्यांनी लवकरच हुसकावलं. मग फळीवर पारव्यांचंच राज्य. पंख फडफडले की उशीवर पिसं यायची, मी ती उचलून उज्ज्वलाला दाखवायचे. एका जोडीनं तर फळीच्या कोपऱ्यात चार काटक्या टाकून संसार मांडला. अंडी दिसली तेव्हा मला नातवंडाची बातमी आल्यासारखं झालं.

आणि माझा श्वास पुन्हा आखडायला लागला.

वास कुठून येतो?

या वेळी फार भराभर बिघडलं. रोज दुपारी ताप. बोलताना एका दमात एक शब्द. मी कूस बदलली तरी धाप लागायची. पाणी पिताना भीती वाटायची, कारण घोट गिळायचा तर श्वास थांबवावा लागतो.

गल्लीत सगळ्यांचं एकमत झालं की हे पलीकडच्या पावणे गावातल्या केमिकल कंपन्यांचं काम. संध्याकाळी त्या बाजूनं आंबूस वास यायचा हे खरं होतं. म्हणून ह्यांनी रस्त्याकडची दारं-खिडक्या बंद केल्या, फटीत कापडाचे बोळे कोंबले, आणि मोकळी हवा मिळावी म्हणून मागची खिडकी तेवढी उघडी ठेवली. रात्रंदिवस. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

घरात भांडणं सुरू झाली. उज्ज्वला एके दिवशी चप्पलही न काढता ह्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, आईला उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं. कोपऱ्यावरचं क्लिनिक बास झालं आता!"

"औषध मधीच सोडलं की वाढतंय. डाक्टरनंच सांगितलंय," हे म्हणाले.

"आणि न सोडता वाढतंय त्याचं काय?"

"तू मला शिकिवती व्हय?"

"हो, शिकवते! मला रोज ऑफिसात टेन्शन असतं की घरून फोन येईल म्हणून. शेजारच्या केबिनमधली बेल वाजली तरी माझे हात थांबतात!"

मला मधे पडायचं होतं. दोघांनाही दामटून गप्प बसवायचं होतं, ती माझी नेहमीची जागा. पण तेवढी हवा छातीत नव्हती. मी पलंगावर पडून दोघांकडे बघत राहिले. ह्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. तो रागाचा नव्हता, भीतीचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गाडी ठरवली.

डॉक्टरमॅडम

दुसरा दवाखाना मोठा होता. छातीच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी जुने फोटो, नवे फोटो शेजारी शेजारी लावले, टीबीच्या गोळ्या थांबवल्या आणि तपासण्या सुरू केल्या. घशातून नळी घालून केलेली तपासणी आठवण्यासारखी नाही, ती सोडून देते. चार-पाच दिवसांत, कुठलंही मोठं औषध सुरू नसताना, माझी धाप कमी झाली.

एका सकाळी फेरी संपल्यावर त्या परत आल्या, स्टूल ओढून बसल्या. "मंगलताई, मला एक गोष्ट कळत नाहीये. तुम्ही घरी गेलात की वाढतं. दवाखान्यात आलात की कमी होतं. असं आहे काय तुमच्या घरी?"

मी कंपन्यांचा वास सांगितला. त्या म्हणाल्या, "तो तर सगळ्या गल्लीला येतो. तुम्ही दिवसभर करता काय, ते सांगा. अगदी उठल्यापासून."

आता मला बोलायला सांगितलं म्हणजे काय विचारता! त्यातून बऱ्याच दिवसांनी छातीत बोलण्यापुरती हवा होती. मी झाडण सांगितलं, सूप सांगितलं, मामलेदार आणि मामलेदारीणबाई सांगितल्या, खार मला कशी रागावते ते सांगितलं. मग फुशारकीनं फळी सांगितली. कुणाचा नवरा असं करतो? त्या आधी हसत ऐकत होत्या. मग हसायच्या थांबल्या.

"कबुतरं किती येतात?"

"पारवे? भिंत भरते."

"पलंगापासून किती लांब?"

"हात बाहेर काढला की लागतात."

"अंगण तुम्हीच झाडता? कोरडंच? आणि ते धान्य पाखडताना तोंडाला काही बांधता?"

"मॅडम, तुम्ही घरी तांदूळ पाखडताना तोंड बांधता का?" मी म्हटलं. मला गंमत वाटली होती. त्यांना नाही वाटली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सावकाश सांगितलं. काही जणांच्या फुप्फुसाला पक्ष्यांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ सोसत नाही. घरातल्या बाकीच्यांना काहीही होत नाही आणि एकाला होतं. फुप्फुस त्या धुळीशी भांडत राहतं आणि भांडता भांडता स्वतःच कडक होत जातं. वेळीच थांबलं तर पुष्कळसं परत येतं. नाही थांबलं तर येत नाही.

"टीबी नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण आता पाखरं तरी राहतील, नाहीतर तुमचा श्वास. दोन्ही नाही."

टीबी नाही म्हटल्यावर मी पेढे वाटायला हवे होते. मी भिंतीकडे तोंड करून रडले. जे माझं सुखाचं होतं तेच माझ्या छातीवर बसलं होतं, आणि मी रोज त्याला ताट वाढत होते.

ह्यांना कसं सांगायचं

सगळ्यात मोठी धास्ती मला ह्यांची होती. भेटीच्या वेळेला हे डबा घेऊन आले. मी सांगितलं. ते आधी हसले.

"आगं, पाखरानं कुनाला काय हुतंय व्हय? आमच्या टोळीत समद्यांच्या दारात पाखरं हायती."

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा कडक आवाजात. हे उभ्यानं ऐकत होते. ऐकता ऐकता पलंगाच्या कडेवर बसले. मॅडम गेल्यावर कितीतरी वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले.

"फळी मीच बसिवली," ते म्हणाले. "तुज्या उशाला."

मी जे बोलले ते समजूत घालायला बोलले नाही, मला खरंच तसं वाटत होतं. "फळी बसवलीत म्हणून तर एकदम वाढलं, आणि वाढलं म्हणून कळलं. नाहीतर अंगणात झाडता झाडता हळूहळू गेले असते, आणि सगळे म्हणाले असते टीबीनं गेली."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, पुढे बोलणं नको म्हणून.

खांदेश्वर

घर साफ झाल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून मी खांदेश्वरला माझ्या भावाकडे गेले. मॅडमनी दिलेल्या नव्या गोळ्यांनी तोंड भाकरीसारखं फुगलं, भूक राक्षसासारखी लागायची. वहिनी पोळ्या लाटून दमायची आणि म्हणायची, "ताई, तुमचा श्वास आला, आता आमचा जाईल." मी रोज थोडं चालायचे. आधी दारापर्यंत, मग गेटपर्यंत, मग स्टेशनच्या रस्त्यापर्यंत.

पण घरून "साफ झालं" असा निरोप येईना. हे दर रविवारी यायचे, बसायचे, चहा घ्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "करतो." शेवटी उज्ज्वलानं खरं सांगितलं. ग्रिलमधल्या अंड्यांतून दोन पिल्लं निघाली होती आणि बाबा त्या फळीला हात लावू देत नव्हते. "मी काढते म्हटलं तर माझ्यावर धावून आले! आईपेक्षा कबुतरं मोठी झाली का यांना?"

मला भयंकर संताप आला. पुढच्या रविवारी हे आले तेव्हा मी चहा विचारला नाही. सरळ म्हटलं, "मी घरी यायला हवी आहे की नको, तेवढं सांगा."

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला सांगितलं नव्हतं. "मंगल, मी पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासनं धान्यावरनं चालतोय. रोज. अन्नाला पाय लागतो. पाखरांस्नी घातलं की वाटायचं, फिटलं. आता त्यातलंच तुला बाधलं. आनि वर ती पिल्लं मारू? मग तुला बरं वाटंल, असं मला न्हाई वाटत. मला भ्या वाटतंय."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. हा माणूस कबुतरांसाठी अडला नव्हता. माझ्यासाठीच अडला होता. पाप लागेल आणि ते माझ्या छातीवर येईल, या भीतीनं त्यानं मला घराबाहेर ठेवलं होतं.

"पिल्लं उडेपर्यंत मी थांबते," मी म्हटलं. "पण मग एक दिवसही नाही." उज्ज्वला आमच्या दोघांवरही चिडली. तिचं बरोबर होतं, आणि आमचंही.

त्या दिवसांत मी घाबरूनच होते. ह्यांच्या शर्टाला झाडणाचा वास आला की छाती आवळल्यासारखी व्हायची, खरी की मनाची ते सांगता येत नाही. मॅडमनी सांगितल्यापासून हे बाजारातच आंघोळ करून, कपडे बदलून निघायचे. टोळीतल्या लोकांनी आपण होऊन ठरवलं की आमच्या वाटणीचं झाडण ते खाडीकडच्या मोकळ्या जागेत टाकतील. कुणी टिंगल केली नाही. त्यांच्यातल्या दोघांनी बायकांचा खोकला आठवून मॅडमचा पत्ताही मागून घेतला.

पिल्लं उडाली. ह्यांनी नाका-तोंडाला उपरणं बांधून सगळं आधी पाण्यानं भिजवलं, मग खरवडलं, धुतलं, चुना मारला. खिडकीला बारीक जाळी ठोकली. फळी कुठे टाकली ते मी आजवर विचारलेलं नाही.

काही सांगण्यासारखं

घरी परतल्याचं सांगण्याआधी दोन गोष्टी. डॉक्टर फक्त खोकल्याबद्दल विचारत असतील, तरी तुम्ही घराबद्दल सांगा. काय झाडता, काय पाखडता, उशाशी काय आहे, सगळं. आणि दवाखान्यात बरं, घरी वाईट असं होत असेल तर ते ठणकावून सांगा, तुमच्या आवाजात दम नसेल तर कुणाला तरी सांगायला लावा. पाखरांवर राग धरू नका. माझी शेजारीण आजही दाणे घालते आणि ठणठणीत आहे. खारीबद्दल मी घाबरत घाबरत विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "खार चालेल. पण शेंगदाणा लांबून टाकायचा, मशीनच्या पायडलाशी नाही."

घरी

घरी आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मागच्या भिंतीवर सगळे हजर होते. अंगण स्वच्छ, ताट नाही, दाणा नाही, तरी वाट बघत बसलेले. पारवे भिंतीवर, चिमण्या पेरूवर. मॅडमनी सांगितलंच होतं की सुरुवातीला रोज हुसकावावं लागेल, नाहीतर ते जागा सोडणार नाहीत आणि पुन्हा तीच धूळ साठेल.

हे हातात काठी घेऊन मागच्या दारापर्यंत गेले. भिंतीवरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. ह्या माणसाच्या हातून खायची सवय होती त्यांना. हे काठी टेकवून परत आले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसले.

"मला न्हाई जमायचं."

उज्ज्वला ऑफिसला निघाली होती, तिनं पर्स खाली ठेवली. मी तिला थांबवलं. माझी पाखरं होती, मीच घालवणार. मी दारात गेले. मामलेदारीणबाई पेरूच्या खालच्या फांदीवरून मान वाकडी करून बघत होती. माझे डोळे भरून आले. मग मी छातीत मावेल तेवढी हवा घेतली आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटत बोंब ठोकली, "हाऽऽऽ! हुर्रर्र! चला! चला इथून!"

पंखांचा एकच फडफडाट झाला. भिंत रिकामी, पेरू रिकामा. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मागच्या घरातली बाई धावत बाहेर आली, काय झालं म्हणून. मी दाराची चौकट धरायला हात पुढे केला, आणि मला कळलं की चौकट धरायची गरज नाही. मी उभी होते. श्वास चालला होता.

मागे वळून पाहिलं. हे जमिनीवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. उज्ज्वलानं तोंडावर हात धरला होता.

"मंगल," हे म्हणाले. "परत एकदा वरड."

अंगणात एकही पाखरू उरलं नव्हतं. तरी मी ओरडले.